ईदनंतर समुद्रावर जाताय? वाळूत कासवाची अंडी असू शकतात

ईदच्या दुसऱ्या दिवशी फुलपाड्यातली बरीच घरं अर्नाळा नाहीतर राजोडीच्या किनाऱ्यावर असतात. गेली काही वर्षं ईद मार्च-एप्रिलमध्ये येतेय, आणि नेमका हाच काळ ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं वाळूतून बाहेर पडण्याचा.

“सर, आपल्याकडे कुठली कासवं?” मुलं विचारतात. मार्च 2018 मध्ये वर्सोव्याला, म्हणजे आपल्याच लोकलच्या रस्त्यावर, अशी 80 च्या आसपास पिल्लं समुद्रात गेली. ॲड. अफरोज शाह आणि साथीदार 2015 पासून कचरा उचलत होते, तोच हा किनारा.

मादी रात्री येते. हातभर खड्डा करून शंभरेक अंडी घालते, बुजवते आणि निघून जाते. वर चढताना कुणी टॉर्च मारला, गलका केला तर अंडी न घालताच माघारी फिरते. पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघतात, बहुतेक रात्रीच, आणि जिकडे उजेड जास्त तिकडे धावतात. पूर्वी तो उजेड समुद्राचा असायचा, आता हॉटेलांचा असतो. वाळूत बाइक पळवणं तर सगळ्यात वाईट. चाकाच्या चरात दोन इंचांचं पिल्लू अडकून बसतं.

कासव दिसलं तर लांब थांबा, फ्लॅश बंद ठेवा, वन विभागाला 1926 वर फोन करा. अंडी उचलणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. आणि उरलेली बिर्याणी वाळूत पुरू नका. वासानं कुत्री येतात, मग अंडीही उकरतात.