संशोधनाचा पैसा आणि वित्त अधिकारी

विद्यापीठ म्हटले की वर्ग, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा डोळ्यांसमोर येतात. संशोधनाच्या खर्चाचा प्रत्येक रुपया ज्या कार्यालयातून जातो, ते मात्र सहसा कोणाला आठवत नाही.

छत्तीसगडमधील रायपूर येथे १९८७ साली इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तेथे भाताचे २३ हजारांहून अधिक नमुने जतन केलेले आहेत. त्यांतील मोठा भाग डॉ. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात गोळा केलेल्या संग्रहातून आला. बी कोठारात ठेवले म्हणजे कायमचे टिकते, असे नाही. त्याची उगवणशक्ती हळूहळू घटते. म्हणून ठरावीक काळाने ते पेरून नवे बी घ्यावे लागते. मजुरी, खत, शीतगृहाची वीज हा सारा खर्च त्यामागे असतो. तो भागविण्यासाठी आलेला पैसा नियमानुसार व वेळेवर पोहोचविणे, हे वित्त अधिकाऱ्याचे काम होय. कृषी विद्यापीठांत या पदास लेखानियंत्रक असेही म्हणतात.

हा पैसा अनेक ठिकाणांहून येतो. उदाहरणार्थ, अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पांत राज्यातील कृषी विद्यापीठांसाठी ७५ टक्के वाटा भारतीय कृषी संशोधन परिषदेचा आणि २५ टक्के राज्य शासनाचा असतो. प्रत्येक अनुदानात वेतन, प्रवास, उपकरणे अशी लेखाशीर्षे ठरलेली असतात. समजा, एका प्रकल्पास १० लाख रुपये मिळाले आणि त्यांपैकी ४ लाख उपकरणांसाठी आहेत. मजुरीला पैसे कमी पडले, तरी हे ४ लाख मंजुरीवाचून तिकडे वळविता येत नाहीत. संशोधकांना याचा राग येतो आणि तो पुष्कळदा रास्तही असतो. परंतु हिशेब विचारला जातो तो वित्त अधिकाऱ्याला.

खरी अडचण वेगळीच आहे. आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे चालते. भाताची पेरणी मात्र पावसाबरोबर, जून-जुलैत होते. अनुदानाचा हप्ता सप्टेंबरात आला, तर पैसा आहे पण हंगाम गेला, अशी स्थिती होते. ज्या नमुन्याचे बी त्या वर्षी पेरायचे होते, ते आणखी एक वर्ष जुने होते.

हप्ता अडण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र. मिळालेली रक्कम मंजूर कामासाठीच खर्च झाली, असे त्यात लिहून द्यावे लागते. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ प्रमाणे ते आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत देणे आवश्यक असते. अनुदानावर बँकेत व्याज मिळाले असेल, तर तेही परत करावे लागते. जाणता अधिकारी १२ महिन्यांची वाट पाहत नाही. मार्चची देयके वेळीच निकाली काढून, एप्रिलमध्येच तो प्रत्येक प्रकल्पप्रमुखाकडून शिल्लक रकमेचा मेळ घेतो आणि प्रमाणपत्र पावसाळ्याआधी रवाना करतो.