रस्ता न खोदता पलीकडे

डांबर फोडणारा, चाकांवरचा कॉम्प्रेसर आपण पाहतो. त्याच्याच हवेवर रस्त्याखाली आडवे बीळ पाडणारे अवजारही चालते. त्याच्या पोलादी नळकांड्यात हातोड्यासारखा दट्ट्या मागेपुढे हलतो. मग अवजार पुढेच का सरकते? आम्हालाही हे कोडेच वाटले होते. वातावरणाच्या सहा-सात पट दाबाची हवा दट्ट्याला पुढच्या टोकावर आदळवते. मागे येताना मात्र हवेचीच गादी त्याला थोपवते. तो सौम्य धक्का भोवतालच्या मातीचे घर्षण पेलते. म्हणूनच चिखलात अवजार जागीच थडथडते!

घूस माती उकरते, हे ती बाजूला दाबते. त्यामुळे खोली व्यासाच्या दहापट तरी हवी, नाहीतर रस्ता फुगतो. शिवाय बहुतेक अवजारे आत शिरल्यावर वळवता येत नाहीत. वाटेतल्या वीजतारा, गॅसच्या नळ्या आधीच शोधाव्या लागतात, तेवढ्यापुरते खोदूनसुद्धा.