विश्लेषण : ऑनलाइन धड्यांतील चित्रे गायब का होतात? ती ठेवायची कुठे?

‘खालील चित्रात दाखवलेले बटण दाबा’ असे धड्यात लिहिलेले असते आणि खाली चित्राऐवजी रिकामी चौकट दिसते. वर्गात शिक्षकांना विचारता येते. घरी एकट्याने शिकणारा तिथेच अडतो. संगणकाशी संबंधित अनेक ऑनलाइन अभ्यासक्रम आता ‘गिट’सारख्या आवृत्ती नियंत्रण प्रणालीत लिहिले जातात. तिथे मजकुराची सोय उत्तम होते, चित्रांची मात्र पंचाईत होते. असे का आणि त्यावर उपाय काय, याविषयी...

अभ्यासक्रम ‘गिट’मध्ये का ठेवतात?

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या विकासासाठी गिट तयार केले. कोणता बदल कोणी, केव्हा केला याची नोंद ही प्रणाली ठेवते आणि नोंदवलेल्या कोणत्याही जुन्या टप्प्यावर परत जाता येते. २००८ मध्ये गिटहब हे संकेतस्थळ सुरू झाले आणि असे काम इतरांबरोबर करणे सोपे झाले. अभ्यासक्रम लिहिणाऱ्यांनीही ही पद्धत उचलली. ‘सॉफ्टवेअर कार्पेंट्री’ हे त्याचे ठळक उदाहरण. संशोधकांना संगणकाची मूलभूत कौशल्ये शिकवणारा हा उपक्रम ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गोर्डा यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेत सुरू केला. त्याचे धडे आज गिटहबवर खुले आहेत. ते कोणालाही उतरवून घेता येतात, त्यांत सुधारणा सुचवता येतात आणि मूळ लेखकांना श्रेय देऊन आपल्या वर्गासाठी बदलताही येतात.

चित्रांमुळे अडचण कुठे येते?

धडा म्हणजे साधा मजकूर. त्यातली एक ओळ बदलली तर गिट नेमकी तीच ओळ दाखवते आणि असंख्य आवृत्त्याही थोडक्या जागेत मावतात. जेपीईजी किंवा पीएनजी चित्राची फाइल मात्र आधीच दाबून लहान केलेली असते. चित्रात किरकोळ फेरफार केला तरी फाइल आतून बरीच बदलते. त्यामुळे तिची प्रत्येक आवृत्ती जवळपास पूर्णच साठवावी लागते. हिशेब करून पाहा. ४० धडे, प्रत्येकात १० स्क्रीनशॉट आणि प्रत्येक स्क्रीनशॉट अर्ध्या एमबीचा, म्हणजे झाले २०० एमबी. सॉफ्टवेअरचे रूप बदलले म्हणून ते सगळे आणखी चार वेळा नव्याने घेतले, की एक जीबी. जुनी चित्रे पुसली तरी इतिहासात ती राहतातच. मोबाइल डेटावर अभ्यासक्रमाची पूर्ण प्रत उतरवणाऱ्या विद्यार्थ्याला, कधीही न पाहिलेल्या चित्रांचेही ओझे वाहावे लागते.

गिटहबच्या मर्यादा काय आहेत?

गिटहब १०० एमबीपेक्षा मोठी फाइल स्वीकारत नाही आणि ५० एमबीच्या पुढे इशारा देते. धडे संकेतस्थळ म्हणून दाखवणाऱ्या ‘गिटहब पेजेस’ सेवेत प्रकाशित संकेतस्थळाचा आकार एक जीबीपर्यंतच असावा लागतो. मोठ्या फायलींसाठी ‘गिट एलएफएस’ ही वेगळी सोय २०१५ मध्ये आली. तीत मूळ फाइल दुसरीकडे राहते आणि गिटमध्ये तिची केवळ खूणचिठ्ठी ठेवली जाते. मात्र ही सोय गिटहब पेजेसवर चालत नाही. त्यामुळे धडे तिथूनच दाखवणाऱ्या अभ्यासक्रमाला तिचा उपयोग नाही.

मग चित्रे बाहेरच्या मोफत सेवेवर ठेवली तर?

हाच मार्ग सर्वात सोपा वाटतो आणि रिकाम्या चौकटी बहुतेकदा त्यातूनच येतात. ‘फोटोबकेट’ने २०१७ च्या जूनअखेरीस धोरण बदलले. तिथली चित्रे दुसऱ्या संकेतस्थळावर दाखवायची तर वर्षाला सुमारे ४०० डॉलर भरा, अशी अट आली. ईबेवरील विक्रेत्यांपासून छंदिष्टांच्या चर्चापानांपर्यंत असंख्य ठिकाणी चित्रांच्या जागी कंपनीची सूचना झळकू लागली. ‘इमगुर’ने २०२३ मध्ये, खाते न उघडता चढवलेली आणि वापरात नसलेली जुनी चित्रे काढून टाकण्याचे जाहीर केले. 

दुसरा धोका सहज लक्षात येत नाही. बाहेरच्या पत्त्यावर जुन्या चित्राच्या जागी नवे चढवले, की धड्याच्या सर्व जुन्या आवृत्त्यांतही नवेच चित्र दिसू लागते. गतवर्षीचे सॉफ्टवेअर वापरणारा विद्यार्थी गतवर्षीचा धडा उघडतो. मजकूर जुना, चित्र नवे. आवृत्ती नियंत्रणाचा हेतूच इथे फसतो. गिटकडे नोंद असते ती फक्त पत्त्याची. त्या पत्त्यावर काय आहे, हे तिला कळत नाही.

मग व्यवहार्य मार्ग कोणता?

चित्रे धड्याशेजारच्याच फोल्डरमध्ये ठेवावीत, पण हलकी करून. स्क्रीनशॉट पूर्ण पडद्याचा न घेता हवा तेवढाच भाग कापावा, रुंदी कमी करावी आणि मगच गिटमध्ये टाकावा. नंतर लहान करून इतिहासातले ओझे कमी होत नाही. आकृत्या शक्यतो एसव्हीजी स्वरूपात काढाव्यात. हे स्वरूप मजकुराचेच असल्याने गिटला त्यातील बदल ओळीओळीने दाखवता येतो. आकृतीतील शब्द अक्षरे म्हणूनच जपले असतील, तर धडा मराठीत आणणाऱ्याला आकृती नव्याने न काढता फक्त ते शब्द बदलता येतात. मजकूर आणि त्याचे चित्र एकाच नोंदीत बदलावे, म्हणजे मागे गेल्यावर दोन्ही जोडीने मागे जातात. 

आज्ञा आणि त्यांचे उत्तर दाखवायला स्क्रीनशॉटची गरजच नसते. ते मजकूर म्हणून लिहिले तर विद्यार्थ्याला त्याची नक्कलही करता येते. चित्रासोबत त्याचे शब्दांत वर्णनही द्यावे. अंध विद्यार्थ्याला तर त्याचाच आधार असतो. व्हिडीओसारख्या जड फायली बाहेर ठेवाव्याच लागल्या, तर पत्ता स्वतःच्या डोमेनचा असावा. सेवा बदलली तरी मग धड्यातील दुवे तेच राहतात. प्रत्येक नव्या आवृत्तीला नवे नाव द्यावे आणि जुनी फाइल हलवू नये. 

अभ्यासक्रम प्रसिद्ध करण्यापूर्वी एक साधी चाचणी घेता येते. त्याची ताजी प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवावी, इंटरनेट बंद करावे आणि धडे उघडून पाहावेत. ज्या चौकटी रिकाम्या दिसतील, तेवढी चित्रे अजून दुसऱ्याच्या भरवशावर आहेत.