निर्यातबंदी आणि गरिबांचे हित : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कांद्याचा भाव चढू लागला की परदेशी जाणारा माल अडवावा, म्हणजे गरिबाला स्वस्ताई लाभेल, हे मत इतक्या निःशंकपणे आणि इतक्या वारंवार मांडले जाते की ते तपासून पाहण्याची निकडच कोणास वाटेनाशी झाली आहे. या मताच्या मुळाशी गरीब माणूस केवळ गिऱ्हाईकच असतो, असे गृहीत धरलेले असते. परंतु लेण्याद्रीच्या परिसरात, जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत, उन्हाळी कांदा बराखीत भरून चार पैशांची वाट पाहणारा अल्पभूधारक आणि त्याच्या शेतात लागवड-काढणीसाठी डोंगरातल्या वाड्यांतून उतरणारा मजूर, हे गरीब नाहीत तर कोण आहेत?

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसविले. ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. ४ मे २०२४ रोजी ती उघडली, पण टनामागे किमान ५५० डॉलर दराची अट घालून आणि ४० टक्के शुल्क लावून. शुल्क पुरते रद्द व्हावयास १ एप्रिल २०२५ उजाडला. २०१९ आणि २०२० सालीही असेच हुकूम सुटले होते. बियाणे, औषधे, मजुरी आणि वाहतूक यांचा खर्च बाजारभावाने करावयाचा आणि भाव चढताच फर्मानाने तो पाडला जावयाचा, ही गरिबांवरची दया नव्हे. तो एका गरिबाच्या खिशातून दुसऱ्यासाठी वसूल केलेला अघोषित कर आहे. ज्यास ही अतिशयोक्ती वाटते त्याने ओईसीडी आणि इक्रिअर या संस्थांचा २०१८ सालचा अहवाल पाहावा : २०००-०१ ते २०१६-१७ या काळात व्यापारावरील बंधने आणि बाजारातील दोष यांमुळे, अनुदाने जमेस धरूनही, भारतीय शेतकऱ्याची ढोबळ प्राप्ती सरासरी सुमारे १४ टक्क्यांनी घटली होती.

‘व्यापार खुला झाला की दारिद्र्य आपोआप हटते’, हा उलट टोकाचा भ्रमही तितकाच निराधार आहे : १९९१ नंतर देशातील दारिद्र्य घटले खरे, परंतु आयातशुल्क-कपातीची झळ ज्या ग्रामीण जिल्ह्यांना अधिक लागली तेथे ते मंदगतीने घटले, असे अर्थशास्त्रज्ञ पेटिया टोपालोवा यांनी २०१० साली दाखवून दिले आहे.

‘निर्यातीचा नफा सर्वांस सारखा मिळतो’, हेही खरे नव्हे. याच तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी कुटुंबे रानातून वेचतात तो हिरडा दूरच्या बाजारांत जातो. परंतु साठवणुकीची जागा आणि भांडवल ज्याच्या हाती, लाभाचा मोठा वाटा त्याचाच.

‘दूरचा व्यापार ही अलीकडची परकी वस्तू आहे’, असे मानणाऱ्याने लेण्याद्रीच्या बौद्ध लेण्यांतील चैत्यगृहाचा शिलालेख वाचावा : त्यात नोंदलेले दान कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोनाराचा, पुत्र सुलसदत्त याचे आहे, आणि कल्याण बंदराचा माल नाणेघाट चढून याच मुलखात येत असे.

तेव्हा शहरातील गरिबाची काळजी असेल तर त्यास शिधापत्रिकेवर धान्य किंवा रोख साह्य सरकारी तिजोरीतून द्यावे, शेतकऱ्याच्या पदरातून नव्हे. आणि शेतकऱ्यास हंगामाच्या मध्यावर न बदलणारे धोरण, साठवणुकीसाठी रास्त व्याजाचे कर्ज व मजुरास वाढत्या भावातला वाटा मिळेल अशी तजवीज करावी. बाजाराचे दार उघडे ठेवणे आवश्यक आहे. त्या दारापर्यंत दुर्बलास पोहोचविणे हे राज्यकर्त्यांचे कर्तव्य आहे, आणि पहिले केल्याने दुसऱ्यातून कोणाची सुटका होत नाही.