पाच इंचांचे गलबत आणि खांदेरीचे युद्ध

डोलवी हे नाव आज पोलादाच्या कारखान्याशी इतके एकजीव झाले आहे की, गावालगतची अंबा नदीची खाडी एके काळी आरमाराची वाट होती, याचे स्मरण तिथल्या माणसांनाही सहसा राहत नाही. भरतीच्या पाण्यावर कोळसा आणि लोहखनिज घेऊन धरमतरच्या धक्क्याकडे संथपणे चढत येणाऱ्या बार्जी पाहत मी कित्येक संध्याकाळी घालवल्या आहेत. आणि याच खाडीच्या मुखाशी 1679 सालच्या ऑक्टोबरात शिवाजीमहाराजांचे आरमार येऊन थांबले होते, हे जेव्हा वाचनात आले, तेव्हापासून ते आरमार डोळ्यांनी पाहिल्याखेरीज मनाला स्वस्थता लाभेना. म्हणून एक गलबत स्वतःच्या हातांनी घडवावे, आणि टेबलावर ते युद्ध पुन्हा मांडून पाहावे, असे मी ठरवले.

प्रसंग थोडक्यात असा. शिवाजीमहाराजांचा आरमारी सरदार मायनाक भंडारी याने खांदेरी बेटावर तटबंदीचे काम सुरू केले; मुंबईच्या तोंडाशीच मराठ्यांचा किल्ला उभा राहतो हे इंग्रजांना सोसेना. 18 ऑक्टोबरच्या पहाटे मराठी आरमाराचा दुसरा सरदार दौलतखान याच्या हाताखालची साठाहून अधिक गलबते इंग्रजांच्या आठ जहाजांवर चालून गेली. अर्ध्या तासाच्या आत ‘डव्ह’ नावाच्या इंग्रजी गुराबेने, म्हणजे गलबताहून मोठ्या लढाऊ जहाजाने, निशाण उतरवले, दुसरी गुराब अलिप्त राहिली, लहान नौकांनी पळ काढला, आणि कप्तान मिंचिन याची ‘रिव्हेंज’ एकटीच उरली. तिने मराठ्यांची पाच गलबते बुडवली. तेव्हा मराठी आरमार नागोठण्याच्या खाडीकडे, म्हणजे आमच्या या अंबेच्या मुखाकडे, वळले. इंग्रजी कागदांच्या आधारे लिहिणाऱ्यांनी त्याला पलायन म्हटले आहे. त्या एका शब्दानेच मला लाकडाला हात घालायला लावले.

युद्ध टेबलावर मांडण्याची विद्या नवी नाही. प्रशियाच्या राइसविट्झ पितापुत्रांपैकी पित्याने 1812 साली राजाला युद्धक्रीडेचे मेज सादर केले, पुत्राने 1824 साली नकाशा, फासे आणि पंच यांचे नियम छापले, आणि प्रशियाच्या सेनाधिकाऱ्यांनी तो खेळ शिक्षणाचा भाग मानला. जगातील लढाऊ जहाजांची माहिती देणारा फ्रेड जेन याचा 1898 सालचा प्रसिद्ध ग्रंथसुद्धा त्याच्या आरमारी खेळाला पूरक म्हणूनच जन्माला आला. आपल्याकडे दिवाळीत दारोदारी मातीचे किल्ले उभे राहतात, त्यांवर मावळे चढतात, पायथ्याशी तोफा लागतात. ती आपली स्वतःची युद्धभूमीच होय. पण तिला समुद्र नसतो.

गलबताचे माप ठरवणे हेच पहिले संशोधन ठरले. रॉबर्ट ओर्म या अठराव्या शतकातील इतिहासकाराच्या वर्णनानुसार गलबत सत्तर टनांहून क्वचितच मोठे असे. त्याला दोन डोलकाठ्या, मुख्य काठीवर एकच अतिविशाल त्रिकोणी शीड, चाळीस ते पन्नास वल्ही, आणि लहान गलबतांना चिरलेल्या बांबूचे तक्तपोस, म्हणजे डेक, असे. लांबी मात्र तो देत नाही. मी वल्ह्यांवरून हिशेब केला: एका बाजूला वीस वल्ही, प्रत्येक वल्हेकऱ्याला तीन फूट जागा, म्हणजे साठ फूट; पुढची नाळ आणि मागची वरंडी धरून मोठे गलबत ऐंशी फुटांचे. दोनशेस एक हे प्रमाण घेतले की, ते पाच इंचांहून किंचित कमी भरते, आणि त्यावरचा माणूस अवघा आठ मिलिमीटरचा होतो. हा तर्क माझा आहे. तो कोणी खोडून काढला, तर मी आनंदाने नवे गलबत घडवीन.

गलबताचे पात्र, म्हणजे त्याचे धड, कोरण्यासाठी मी पांगाऱ्याचे लाकूड घेतले, कारण सावंतवाडीची खेळणी ज्यापासून होत आली ते हे लाकूड हलके आणि चाकूला मऊ असते. एक पात्र मनासारखे उतरल्यावर बाकीच्यांसाठी पेण परिसराची विद्या उपयोगी पडली. हमरापूर, जोहे या गावांतील गणपतीच्या कारखान्यांत एका मूळ मूर्तीवरून रबरी साचा काढून शेकडो मूर्ती ओततात. त्याच रीतीने मी माझ्या एका पात्रावरून अकरा पात्रे प्लास्टरमध्ये ओतली. तक्तपोसासाठी बांबूच्या केसाएवढ्या बारीक कामट्या, शिडासाठी चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेले जुने धोतर, तोफांसाठी पेनातल्या रिकाम्या कांडीचे तुकडे, अशी सामग्री जमली. वल्ह्यांनी मात्र माझी परीक्षा पाहिली. एकेक वल्हे स्वतंत्र चिकटवले तेव्हा वीसही वल्ही वीस दिशांना गेली, आणि गलबताऐवजी उलटलेली गोम दिसू लागली. शेवटी गत्त्याच्या पट्टीवर सारख्या अंतराने रेघा आखून, वल्ही आधी तिच्यावर बसवून, ती पट्टी आतल्या बाजूने काठाला लावली. मग वीस हात एका तालात पाण्याकडे झुकले. त्या रात्री मी ते गलबत कितीतरी वेळ दिव्यासमोर फिरवून पाहत होतो.

टेबलावरची बारा गलबते प्रत्येकी पाचांच्या ठिकाणी धरली. ओर्म वल्ह्यांवरच्या गलबताचा वेग ताशी चार मैल देतो; एका डावास एक मिनिट मानले, तर आमच्या प्रमाणात तो एकवीस इंच येतो. तोफा नाळेवरच आहेत असे मी धरले, म्हणून मारा केवळ समोर. एवढे नियम ठरताच बखरीच्या भाषेत न सापडणारी गोष्ट दृष्टीस पडू लागली. सरळ धावत जाणारे गलबत भयंकर असते. पण ते वळले की त्याची तोफ निरुपयोगी होते आणि पातळ कूस शत्रूच्या बाजूच्या तोफांसमोर उघडी पडते. गर्दीत बारांपैकी चार-पाचांनाच समोर मारा करता येतो, बाकीची एकमेकांच्या आड येतात. पाच गलबते बुडाली, म्हणजे माझ्या टेबलावरून एकच प्रतिकृती उचलावी लागली. बदल्यात ‘डव्ह’ हाती आली होती. अशा वेळी उथळ पाण्याचे गलबत खोल बुडाच्या ‘रिव्हेंज’ला सोडून जिथे तिला येता येणार नाही अशा खाडीत शिरते, हे त्याच्या घडणीतच लिहिलेले आहे. दोन दिवसांनी ते आरमार खाडीबाहेर आले आणि इंग्रज पुढे येताच पुन्हा आत गेले. दरम्यान रात्रीच्या अंधारात खांदेरीवर माणसे, दारूगोळा आणि रसद पोहोचतच राहिली. 1680च्या आरंभी इंग्रजांनी माघार घेतली. किल्ला मराठ्यांकडे राहिला, आणि 2025 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे. ‘पलायन’ हा शब्द मला मान्य नाही.

या किनाऱ्यावरच्या ज्या घरांत होड्या बांधणारे हात होऊन गेले, त्या घरांना माझी विनंती आहे: माळ्यावर जुन्या मापांची वही, शिडाचा कापलेला नमुना किंवा वल्ह्याचे एखादे पाते असेल, तर ते मोजा, लिहून ठेवा, आणि यंदाच्या दिवाळीतल्या किल्ल्यापुढे परातभर पाण्यात मुलांना एक गलबत सोडू द्या.