दार नसलेल्या घरातला टीनएजर

"मामा, आईला सांग ना, माझ्या बॅगेत हात घालू नकोस म्हणून!" रविवारी जोगेश्वरीला ताईकडे गेलो, तर चपला काढायच्या आत ही तक्रार. भाचा आठवीत. आवाज फुटलाय, ओठावर लव आलीय. आणि घर म्हणजे मेघवाडीतली आमचीच जुनी खोली, वर पोटमाळा. रागाच्या भरात धाडकन लावायला आतलं दारच नाही! मग हा पठ्ठ्या कानात इअरफोन घालून पोटमाळ्यावर गायब.

ताईचं टेन्शनही खोटं नव्हतं. पंधरा दिवसांपूर्वी हा क्लास बुडवून मित्रांबरोबर लोकलच्या दारात लटकताना शेजारच्या काकांना दिसला. तेव्हापासून बॅग, मोबाइल, सगळ्याची झडती सुरू. रिझल्ट? पासवर्ड बदलला आणि जेवतानाच्या गप्पाही बंद.

या वयात मेंदूतला थ्रिलचा अ‍ॅक्सिलरेटर आधी जोर धरतो, ब्रेक मात्र विशी उलटेपर्यंत तयार होत असतो. मित्र सोबत असले की विचारूच नका. मग आईबाबांनी करायचं काय, पाळत ठेवायची? स्वीडनमध्ये हाकान स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी १४ वर्षांची मुलं आणि त्यांचे पालक यांचा अभ्यास केला. २००० साली तो प्रसिद्ध झाला. मुलांबद्दल पालकांना जे ठाऊक असतं, ते बहुतेक मुलांनी आपणहून सांगितलेलं असतं, चौकशा करून मिळवलेलं नव्हे, असं त्यात दिसलं. आपणहून सांगणारी मुलं भानगडीतही कमी पडत होती. (आता बोलतात म्हणून सरळ राहतात, की सरळ आहेत म्हणून बोलतात, हा कोंबडी-अंड्याचा प्रश्न आहेच.)

रवी जाधवांच्या २०१३च्या 'बालक-पालक'मधली चाळीतली पोरं आठवतात? मोठी माणसं उत्तर देईनात, म्हणून ती व्हीसीआरकडे वळली. आज तो व्हीसीआर खिशात असतो.

मी ताईला विचारलं, "आईने तुझी बॅग कधी तपासली होती?" ताई गप्प. आई आमची कडक, पण रात्री गॅलरीत कपडे वाळत घालताना हाक मारायची, "बादली धर." तिचं तोंड दोरीकडे, आपलं बादलीकडे. नजरानजर नाही, त्यामुळे काहीही बोलता यायचं. नववीत ओढलेली सिगरेट मी तिथेच कबूल केली. थोबाडीत बसली, तीही सणसणीत! पण दुसऱ्या रात्री पुन्हा तीच हाक, "बादली धर."

परवा ताईचा फोन आला. झडती बंद केलीय, लोकलच्या दाराबाबत मात्र नो डिस्कशन. कपडे वाळत घालताना चिरंजीव म्हणाले, गणितात नापास झालोय, पेपरवर सही हवीय.

"ओरडले रे मी खूप."

"मग?"

"मग काय, सही केली. आणि उरलेले कपडे त्याने घातले वाळत."