रस्त्याचा खडबडीतपणा : हवा तो आणि नको तो

पृष्ठभागाच्या उंचसखलपणासाठी व्यवहारात ‘खडबडीत’ हे एकच विशेषण पुरते; अभियांत्रिकीत मात्र उंचवटे किती उंच आहेत आणि ते किती अंतराने येतात, या दोन्ही गोष्टी सांगितल्याशिवाय वर्णन पुरे होत नाही. यंत्रांच्या सुट्या भागांसाठी सहसा ‘सरासरी खडबडीतपणा’ हे परिमाण वापरतात. पृष्ठभागाच्या छेदात एक मध्यरेषा कल्पून तिच्यापासून प्रत्येक बिंदू किती वर किंवा खाली आहे ते मोजतात आणि त्या अंतरांची सरासरी मायक्रोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मांडतात. परंतु दाटीवाटीचे कंगोरे आणि दूरवर पसरलेले उंचवटे यांची ही सरासरी सारखीच भरू शकते, मग त्यांचे परिणाम कितीही भिन्न असोत.

हा भेद रस्त्याइतका अन्यत्र क्वचितच महत्त्वाचा ठरतो. उंचवट्यांमधील अंतरानुसार रस्त्याच्या खडबडीतपणाचे चार प्रकार मानले जातात. ०.५ मिलिमीटरपेक्षा कमी अंतराचा ‘सूक्ष्म पोत’ हा खडीच्या दगडाचा स्वतःचा खरखरीतपणा असून तो पाण्याचा पातळ थर भेदून टायरला पकड देतो. वाहतुकीने दगड घासून गुळगुळीत झाला की ही पकड घटते. ०.५ ते ५० मिलिमीटरचा ‘स्थूल पोत’ खडीच्या तुकड्यांमधील फटींनी बनतो आणि टायरखालच्या पाण्याला वाट देतो. ही वाट नसेल, तर वेगवान वाहनाचे चाक पाण्यावर तरंगू लागते व चालकाचा ताबा सुटतो. याउलट ५० ते ५०० मिलिमीटरचे खळगे आणि त्याहून लांब, ५० मीटरपर्यंतचे चढउतार केवळ हादरे, आवाज व इंधनाचा अपव्यय वाढवतात.

मोजण्याच्या पद्धतीही यानुसार बदलतात. स्थूल पोतासाठी ठरावीक आकारमानाची बारीक वाळू रस्त्यावर वर्तुळाकार पसरतात आणि त्या आकारमानाला वर्तुळाच्या क्षेत्रफळाने भागून पोताची सरासरी खोली काढतात, त्यामुळे वर्तुळ जितके लहान तितका पोत खोल. लांब चढउतारांसाठी ‘आंतरराष्ट्रीय खडबडीतपणा निर्देशांक’ आहे, ज्याचा पाया १९८२ साली ब्राझीलमध्ये जागतिक बँकेच्या पुढाकाराने झालेल्या प्रयोगांत घातला गेला. त्यात रस्त्याच्या मोजलेल्या छेदावरून ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या एका काल्पनिक चाकाची स्प्रिंग दर किलोमीटरला एकूण किती मीटर दबते-उसळते, याचे गणित मांडतात.

सिमेंट काँक्रीटचा रस्ता ओला असतानाच त्यावर ब्रशने किंवा तारांच्या फणीने रेघा ओढतात, त्यामागे टायरची पकड आणि पाण्याला वाट यांचे हेच शास्त्र आहे. म्हणून रस्त्याचा दर्जा केवळ प्रवासातील हादऱ्यांवरून ठरवणे अपुरे आहे. लांब अंतरात सपाट, पण मिलिमीटरच्या पातळीवर खरखरीत असलेला रस्ताच पावसाळ्यातही सुरक्षित ठरतो. त्यामुळे खड्डे बुजवण्याइतकेच झिजून गुळगुळीत झालेल्या पृष्ठभागाला पुन्हा पोत देणे हेही देखभालीचे आवश्यक काम मानले पाहिजे.